गोचिडांचे औषध

पुनावळ्यातील आमच्या सोसायटीचे वॉचमन मूळचे इथलेच शेतकरी. रहिवाशांना ते ‘राव’ म्हणतात आणि गेटवरच्या कुत्रीला ‘बाईसाहेब’. मुले तिला कवटाळतात, म्हणून चैत्र लागला की ते रोज तिच्या कानांतले गोचीड वेचतात. परवा मात्र त्यांनी तिच्या अंगभर गुरांचे औषध चोपडलेले दिसले.

“काका, हे विषारी आहे! ती अंग चाटते.”

“व्हय, म्हणून तर काल आधी माझ्याच हाताला लावलं, ताई. मेलेला दिसतोय का मी?”

प्रयोग म्हणून हे साफ चूक होते. त्यांच्या मनगटावर लाल चट्टे उठले होते. मी धावत जाऊन साबण आणला खरा. पण आधी कुत्री धुवावी की त्यांचा हात, हे मला ठरवता येईना.