उलट वळलेला फुलार

थोरली परवा पुन्हा दाराच्या चौकटीला धडकली, ते काही केल्या डोक्यातून जात नाही. "दारच मध्ये आलं गं," म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही.

एकवीस वर्षं ती कारखान्यात रेशमी रुमालांचे काठ हाताने शिवते. तिथे त्या रुमालाला फुलार म्हणतात. शब्द फ्रेंच, कापडही फुलार आणि त्याचा गळ्यात बांधायचा रुमालही फुलारच. पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाली होती, "आई, एवढंसं फडकं, पण नावाचा तोरा बघ!" बोट ओलं करून काठ बारीक गुंडाळायचा आणि टाका वळीच्या आत लपवायचा. वळी नेहमी सुलट बाजूला. छाप कापडातून पार उतरतो, त्यामुळे उलट बाजू ओळखायची ती फक्त रंगाच्या किंचित फिकेपणावरून. हाताला दोन्ही सारख्याच.

रविवारी तिने मला एक फुलार दिला.

"बाद झालाय. तू वापर."

मी तो खिडकीशी नेला. टाके नेहमीसारखेच सुबक, पण चारही काठ उलट बाजूला वळलेले.

"कुणी केला हा?"

"आहे एक नवीन मुलगी. वेंधळी."

शेवटच्या कोपऱ्यात टाका दुहेरी होता. तसा टाका तीच घालते; लहानपणी मीच शिकवलाय.

"डोळे दाखवून ये गं बाई."

"दाखवले की डॉक्टरांचा कागद होणार, तो कारखान्यात गेला की मला काठ सोडून घड्या घालायला बसवणार. माझी शपथ आहे आई, हा विषय पुन्हा काढायचा नाही."

तिच्या बाबांनीही काचबिंदू असाच लपवला. चष्म्याचा नंबर वाढलाय, म्हणत राहिले. मला कळत होतं, पण त्यांना वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसले. मग एके दिवशी त्यांची पायरी चुकली. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. लवकर आला असतात तर उरलेली टिकवता आली असती. मुलांचेही डोळे तपासून घ्या, असंही म्हणाले होते. थोरली तेव्हा "बघू" म्हणाली.

तेव्हापासून बघूच चाललंय.

अकरा वाजून गेलेत. ती जागी असेल. शपथ मोडल्याचं खापर माझ्या माथी. चिडेल, फोन आपटेल. मी पुन्हा लावीन. तो दुहेरी टाका मी ओळखला, एवढं आधी सांगते. मग सकाळी तिच्या दारात गाडी घेऊन येतेय, हे.

लावतेच आता.