निळ्या पायांचा सत्कार

आमच्या गावात मारुतीच्या देवळाला लोखंडी कठडा आहे आणि त्यावर तालमीतल्या पैलवानांचे लंगोट वाळत असतात. देवाला आलेली बाई डोक्यावर पदर घेऊन त्या ओल्या लंगोटांना अंग न लागू देता बाजूनं जाते आणि पायरीखालूनच हात जोडते. गाभाऱ्यात बाईनं जायचं नाही, लंगोटानं जायचं, अशी ही सोज्वळ रीत.

या देवळासमोरचं पटांगण सोडलं तर गावात सपाट जागा नाही, बाकी सगळा ऊस आणि कांदा. आम्ही हायस्कूलच्या मुली तिथंच कबड्डी खेळायचो. मी कोपऱ्यात आणि माझी जिवाभावाची मैत्रीण चढाईला. तिच्या जोरावर आम्ही जिल्ह्याच्या स्पर्धेपर्यंत गेलो. तिचं सगळं ठरलेलं होतं. विभागाला चमकलं की खेळाडूंच्या हॉस्टेलला जागा मिळेल, आणि हॉस्टेलला गेलं की बारावीच्या आधी घरात लग्नाचा विषय निघणार नाही. ती कबड्डी खेळायची ती यासाठी.

एका संध्याकाळी यात्रा कमिटीचे आबा पारावरून उठून आले. अंगात भोकं पडलेली बंडी, धोतर मांडीपर्यंत खोचलेलं.

"मास्तर, पोरींस्नी फुल प्यांटी घाला. देवाम्होरं उघड्या मांड्या बऱ्या दिसत न्हाईत."

आत देव स्वतः लंगोटावर उभा होता. त्याची काही तक्रार असल्याचं आमच्या कानावर नव्हतं. पण आमचे पी.टी.चे सर लगेच "व्हय आबा, बरोबर हाय" म्हणाले. वाकण्यात सरांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. तेव्हापासून आम्ही ढगळ ट्रॅकपँटीत खेळायला लागलो. पायात पाय अडकून तोंडावर पडायचो आणि आबांच्या देवाची लाज राखायचो.

जिल्ह्याचे सामने दौंडला होते. तिथल्या पंचांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि सांगितलं, "शॉर्ट घाला, नाहीतर टीम बाद." सरांनी काय करावं? आबांना विचारायला फोन लावला! आबांनी तो उचलला नाही, हे त्यांचे आमच्यावरचे एकमेव उपकार. शॉर्ट आमच्या पिशवीत होत्याच. मैत्रिणीनं त्या दिवशी समोरची फळी अक्षरशः झोडपून काढली आणि आम्ही ढाल घेऊन गावात आलो.

पुढच्याच आठवड्यात गावची यात्रा होती. वेशीत भला मोठा फ्लेक्स लागला. एका बाजूला कुस्त्यांच्या हगाम्याला येणारे पैलवान, लंगोटात, शड्डू ठोकताना. दुसऱ्या बाजूला ढाल धरलेल्या आम्ही. आमचे पाय कमरेपासून खाली निळे रंगवलेले होते. आबांनी पहिला फ्लेक्स शिरूरला परत पाठवून पाय झाकून घेतले होते. तिथल्या फ्लेक्सवाल्यानं घाईघाईत एकीचा हात आणि अर्धी ढालही निळी करून टाकली होती. तोवर आमच्या पायांकडे ज्यांचं लक्ष गेलं नव्हतं, ते आता वेशीत थांबून फक्त पायच बघत होते. टवाळ पोरांनी आम्हाला 'निळ्या पायांच्या' असं नावच पाडलं.

सत्काराला आम्हाला साड्या नेसून बोलावलं आणि पायरीखाली उभं केलं. वर ओट्यावर लंगोटातल्या पैलवानांना आबांनी स्वतः फेटे बांधले, त्यांच्या उघड्या पाठीवर कौतुकानं थापा मारल्या. आम्हाला नारळ आणि ब्लाऊजपीस दिला. जिल्हा जिंकून आलेल्या पोरींना ब्लाऊजपीस! तो मी घरी येऊन फरशी पुसायला घेतला. आई ओरडली, पण मला अजूनही त्याचं काही वाटत नाही.

त्या रात्रीच मैत्रिणीच्या वडिलांनी निकाल दिला, "सारी वेस हसतीया. ख्योळ बास झाला आता." हे बोलताना ते ज्या भिंतीला टेकून बसले होते, तिथं कुस्ती जिंकून गळ्यात हार घातलेला त्यांचा तरुणपणीचा फोटो टांगलेला आहे. लंगोटावरचा.

विभागाच्या सामन्यांना निघायच्या दिवशी नारळ फोडायला आमची गाडी देवळापाशी थांबली. मैत्रीण तिथंच होती. डोक्यावरून ओढणी, पायाशी बादली, हातात भावाचा धुतलेला लंगोट. मी गाडीतून उडी टाकून तिच्याकडे गेले.

"येत न्हाईस?"

"आप्पा न्हाई म्हणत्यात."

मला रडू आलं. तिला आलं नाही. तिनं लंगोट पिळला, झटकला आणि देवाच्या समोर कठड्यावर टाकला.

"ह्यो चालतोय," ती म्हणाली.

पारावर बसलेल्या आबांनी तिच्याकडे बघितलं. "पोरी, नीट पसर गं," ते म्हणाले, "वाळंल लवकर."

तिनं दोन्ही टोकं धरून तो ताणला आणि नीट पसरला.