चुकीच्या उत्तराचा जोकर

माझी मुलगी शाळेत जायच्या आधीच मी तिच्या शिक्षणाला कंटाळलो होतो.

मिनू तेव्हा चार वर्षांची. भिलाई अजून मध्य प्रदेशातच होती आणि मी तिथल्या पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये देखभालीचा इंजिनियर. म्हणजे दिवसभर मिलमध्ये बिघडलेलं दुरुस्त करायचं आणि सेक्टरमधल्या क्वार्टरवर परतलं, की घरात काय काय बिघडलंय ते बायकोकडून ऐकायचं. त्या वर्षी मिनूचं भविष्य बिघडलं होतं! टाउनशिपमधल्या एका इंग्रजी शाळेत केजीच्या जागा मोजक्या, पोरं ढीगभर, आणि प्रवेशाआधी मुलाखत. शेजारच्या मेश्रामांच्या मुलाला आदल्या वर्षी तिथे प्रवेश मिळाला होता. मेश्रामांकडे कम्प्युटर होता. रेखानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, या दोन गोष्टींची सांगड घातली.

"मेश्रामायचा पोट्टा सगळे रंग इंग्रजीत बोलला म्हणते. अन् आपली मिनू? लालवाला, पीलावाला! तुमी कावून घेत नाही कम्प्युटर?"

"अवं, चार वर्साच्या पोट्टीले कम्प्युटर कायले पायजे?"

"मंग राहू द्या तिले अडाणी. मले काय!"

यापुढे बोलायचं नसतं, एवढं मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. कम्प्युटर आला.

मग त्यात घालायला सीडी हवी. सिविक सेंटरच्या दुकानदारानं दोन काढल्या. पहिलीत एक चष्मेवालं घुबड होतं. "सर, बच्चा गलत बोलेगा तो ये सिर हिलाके 'ट्राय अगेन' बोलता है. बस." मला मिलमध्ये आमचे साहेब आठवले. तेही दिवसभर मान हलवून हेच म्हणतात. पोरीच्या नशिबी इतक्या लवकर ते कशाला? दुसऱ्या सीडीत शिडीवर उभा असलेला जोकर होता. तो प्रश्न विचारायचा.

"ट्रायल रन घेतल्याबिगर आम्ही नट-बोल्टसुद्धा घेत नाही," मी ऐटीत म्हणालो आणि बसलो. जोकरनं लाल फुगा कोणता ते विचारलं. मी लाल फुगा दाबला. टाळ्या! चांदणी! दोन आणि एक किती? तीन. पुन्हा टाळ्या! दुकानदार म्हणाला, "सर, फुल मार्क्स!" खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती. उत्तर चुकलं तर काय होतं, ते मात्र मी तपासलं नाही. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत एका इंजिनियरनं दोन आणि एक पाच म्हणायचं? अब्रूचा प्रश्न होता!

घरी आल्यावर मांडणीचा घोळ सुरू झाला. "पोराचे पाय जमिनीले टेकले पायजे, अन् पडदा डोळ्यासमोर पायजे," असं मेश्रामांनी बजावलं. म्हणून पावर हाउसच्या बाजारातल्या सुताराकडून मिनूच्या मापाचं टेबल करून आणलं. मिनू त्याच्यापुढे राणीसारखी बसायची. पडदा दिसायला मला फरशीवर मांडी घालून, मान वाकडी करून बसावं लागायचं. नाइट शिफ्ट करून आल्यावर असं बसून बघा एकदा!

"थंडे में रखना," असंही दुकानदार म्हणाला होता. म्हणून झोपायच्या खोलीतला एकुलता एक कूलर ओढत आणून मी कम्प्युटरच्या तोंडावर लावला. तेवढ्यात मेश्राम आले आणि दारातूनच ओरडले, "अरे भाऊ, काय करून राहिले? कूलरची ओल अंदर जाईन ना!" कूलर बंद. धूळही नको म्हणाले. खिडक्या बंद. एप्रिलच्या उन्हाळ्यात आम्ही तिघं बंद खोलीत घाम पुसत बसलो. कम्प्युटरवर मात्र आमची लग्नातली चांगली चादर होती.

एवढं करून पहिले दोन दिवस मिनू छान शिकली. तिसऱ्या दिवशी तिच्या कोपराचा धक्का लागून भलताच फुगा दाबला गेला. जोकरची शिडी करकरली, त्यानं हवेत हात-पाय मारले आणि धपाककन तो चिखलाच्या टबात पडला. वर नुसती टोपी तरंगत राहिली. मिनू उचकी लागेपर्यंत हसली.

त्यानंतर तिनं बरोबर उत्तर म्हणून दिलं नाही!

"मिनू, लाल कोणता?"

"नीलावाला!" धपाक!

"दोन अन् एक?"

"दस!" धपाक!

रेखा माझ्यावर उखडली. "ट्रायल घेतली म्हणत होते ना तुमी? काय पाह्यलं मंग?"

"मी बरोबर उत्तरं पाह्यली."

"ते तं मलेही येते!"

सीडी बदलून आणायला सिविक सेंटरला जायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. मी म्हणालो, "मुलाखतीत जोकर थोडीच राहीन?" आणि तिथेच फरशीवर आडवा झालो.

मुलाखतीच्या दिवशी शाळेच्या मॅडम मोठ्या वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. आम्हा दोघांना केजीच्या पोरांच्या लाकडी खुर्च्या मिळाल्या. माझे गुडघे हनुवटीला लागत होते. मॅडमनी लाल कार्ड दाखवलं.

"बेटा, व्हॉट कलर?"

मिनूनं कार्डाकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, मग त्यांच्या खुर्चीकडे पाहिलं.

"ग्रीन!"

आणि ती वाट बघत थांबली. मॅडम पडल्या नाहीत. त्यांनी पिवळं कार्ड काढलं. "ब्लॅक!" म्हणून मिनू एक पाऊल मागे सरकली, पडायला नीट जागा व्हावी म्हणून! रेखानं मला असा चिमटा काढला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"टू और वन?"

"हंड्रेड!" मिनू ओरडली, वाकून खुर्चीखाली बघून आली आणि रडवेल्या आवाजात मला म्हणाली, "पप्पा, ये आंटी गिरती क्यों नहीं?"

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "घर पे इसको कौन पढ़ाता है?"

काहीतरी सावरायला हवं होतं. "मैं, मॅडम! रोज! दो-दो घंटे!" मी छाती काढून म्हणालो. (साफ खोटं! शिकवायची रेखा. मी टेबलाशेजारी घोरायचो.) आणि बोलणं वजनदार वाटावं म्हणून मी मागे रेलून बसलो.

ती खुर्ची चार वर्षांच्या मुलासाठी केलेली होती. ती करकरली. मी हवेत हात-पाय मारले आणि धपाककन उताणा पडलो. जाताना मॅडमच्या टेबलावरची फुलदाणीही पाण्यासकट अंगावर घेतली.

मिनू उड्या मारत टाळ्या पिटायला लागली. "पप्पा ने गलत बताया! पप्पा ने गलत बताया!"

रेखानं पदरात तोंड लपवलं. मॅडमना हसू आवरेना. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा कार्डं दाखवली, आणि मिनूनं मन तृप्त झाल्यासारखं एका दमात सांगून टाकलं, "रेड, येलो, थ्री."

"इतना पक्का गलत वही बोल सकता है, जिसको सब सही आता है," मॅडम रेखाला म्हणाल्या. "एडमिशन हो जाएगा." मग त्या टेबलावरून वाकल्या आणि खाली मला म्हणाल्या, "बस एक रिक्वेस्ट है. इसको अब आप मत पढ़ाइए."

फरशी गार होती, अंगावर फुलदाणीचं पाणी होतं, आणि कित्येक दिवसांत माझ्या पाठीला इतका आराम मिळाला नव्हता. उठावंसं वाटेना. मी पडल्या पडल्याच म्हणालो, "जी मॅडम."

त्या अख्ख्या मुलाखतीत मी दिलेलं तेवढं एकच उत्तर बरोबर होतं.