आपोआप सरकणाऱ्या कळा

कदम गुरुजींनी हात धरून अक्षरं गिरवून घेतली, म्हणून मी पदवीधर झालो.

परवा मी काम करतो त्या कोरमंगलाच्या गाण्यांच्या स्टुडिओत मी नवा कंट्रोलर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या कळांची पाटी, संगणकाला जोडत होतो. एक बाई आल्या. त्यांच्या वारलेल्या मुलानं इथंच एक गाणं मिक्स केलं होतं. ते त्यांना ऐकवायला लावताच कंट्रोलरवरच्या आवाजाच्या कळा आपोआप सरकू लागल्या.

बाई दचकल्या. “कोण हलवतंय रे?”

“तुमच्या मुलानं हलवल्या त्याची संगणकात नोंद आहे, तशाच हलतायत, अक्का.”

त्यांनी हात पुढे केला.

“शिवू नका, त्याचं पुसलं जाईल!” मी ओरडलो.

“सरी, सरी,” त्या कानडीत ‘बरं, बरं’ म्हणाल्या. त्यांनी बोटं कळांच्या किंचित वर धरून सोबत फिरवली. “याचा हात धरून मी गिरवून घेतलं. आता हा माझ्याकडून घेतोय बघ.”

घरी येऊन पत्र लिहिलं:

‘गुरुजी, हात थरथरतो म्हणून लिहीत नाही, असं फोनवर म्हणालात. दिवाळीला येतो. या वेळी हात मी धरतो.’