गाळलेलं एक वाक्य

शारजातला आमचा जुना फ्लॅट, जानेवारीतला शुक्रवार, म्हणजे तिकडचा सुट्टीचा दिवस. दोन हजार दोन-तीनचा सुमार असेल... हळदीकुंकवाला पंधरा-वीस जणी जमल्या होत्या, बहुतेकींबरोबर लहान मुलं.

वाण लुटण्यापेक्षा यंदा काहीतरी उपयोगाचं करू, ही आयडिया माझीच. क्लिनिकमधल्या मल्याळी डॉक्टरबाईंना बोलावलं. लहान मुलांशी कुणी वाईट वागत असेल तर आईने ते कसं ओळखायचं, यावर त्या इंग्लिशमध्ये बोलणार आणि मी मराठीत सांगणार. गावाकडून नव्याने आलेल्या तिघी-चौघींना इंग्लिश झेपत नव्हतं आणि मला माझ्या इंग्लिशची जरा जास्तच घमेंड होती.

पुढेच सुनंदा बसली होती, चिपळूणकडची. नवरा हमरियाला फ्री झोनमधल्या कंपनीत कामाला, चार वर्षांची मुलगी मांडीवर. मी सांगेन ते सगळं ती वहीत लिहून घेत होती.

बोलता बोलता डॉक्टर म्हणाल्या, असा माणूस बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. नातेवाईक, शेजारी, नवऱ्याचा मित्र...

बाहेरच्या खोलीत पुरुषमंडळी जेवत होती. बायकापोरं गावी ठेवून आलेले नवऱ्यांचे मित्र दर शुक्रवारी आमच्याकडे घरचं जेवायला यायचे, आमची पोरं त्यांना काका म्हणायची. दार उघडं होतं... त्यांना काय वाटेल, या विचाराने माझी जीभच उचलेना.

मी म्हटलं, "अनोळखी माणसांपासून मुलांना जपा." डॉक्टरांना मराठी येत नव्हतं. त्यांनी हसून मान डोलावली. सुनंदाने ते लिहून घेतलं.

वर्षभराने सुनंदाचा फोन आला, रडतच. तिच्या घरी दर शुक्रवारी जेवायला येणारा नवऱ्याचा मित्रच तिच्या लेकीशी नको तसं वागत होता. पोरगी कितीदा म्हणाली होती, "मम्मा, आय डोन्ट लाइक हिम." आणि काकांना असं म्हणतात का, म्हणून हिने तिलाच दटावलं होतं.

त्या माणसाला घर बंद झालं. मुलीला घेऊन आम्ही डॉक्टरबाईंकडेच गेलो. बाहेर बाकावर बसल्यावर सुनंदा म्हणाली, "ताई, मी लिफ्टमधल्या माणसांवर नजर ठेवत राहिले हो. डॉक्टरांनी तेव्हा ओळखीच्यांचंही सांगायला हवं होतं."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

तिची मुलगी आता मोठी झालीय, नोकरी करते, बरी आहे. सुनंदा अजून मला दर दिवाळीला फोन करते, मोठ्या बहिणीसारखं मानते. त्या प्रेमाचं मला ओझं होतं.

सुनंदा, तू माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेस, हे वाचशीलच. हे खरं तर तुला समोर बसून सांगायला हवं होतं, तेवढी हिंमत आजही झाली नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं गं. मी तुला सांगितलं नाही.