घराजवळचं डायलिसिस

नगरपालिकेच्या बंद पडलेल्या जकात नाक्यात आता डायलिसिस केंद्र झालंय. जागा पालिकेची, मशिनं एका कंपनीची. दूध आणायला जाताना काचेच्या दारातून आतलं दिसतं. आज एक बाई मशीनवर असलेल्या नवऱ्याला केळं भरवत होती. एरवी या पेशंटना केळं बंद. पण मशीन सुरू झालं की पहिल्या तासात चालतं, असं तेच एकमेकांना सांगतात. माझ्या बायकोला, सुमनला, मीही असंच भरवायचो. पण ते जिल्ह्याच्या गावी, पहाटेच्या एसटीनं जाऊन. परतताना खिडकीला डोकं टेकून ती विचारायची, "आपल्या गावात कधी होईल हो हे?"

"होईल गं," मी म्हणायचो.

झालं की. पण त्याआधीच ती गेली. कुणाची तरी फरपट वाचली, चांगलंच झालं. तरी त्या लखलखीत काचेचा मला राग येतो, आणि रागाची लाजही वाटते.

नर्सनं दार उघडलं. "काका, तुमचं कुणी आहे का आत?"

"नाही," मी म्हटलं. "घरापासून किती जवळ आहे, तेवढं बघत होतो."