कॉलरवरची हळद

"आधी तू काढ. म्हणजे बाकीच्या काढतील."

मॅडम हे म्हणाल्या तेव्हा पाहुण्यांच्या गाड्या अजून फाटकाबाहेर वळत होत्या. फोटोवाला आपली तिपाई मिटत होता. आणि आम्ही बायका मैदानावर ओळीत उभ्या होतो. साडीवर पांढरे टी-शर्ट. छातीवर योजनेचं नाव. पाठीवर मदत करणाऱ्या कंपनीची खूण.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"टी-शर्ट गं. चार दिवसांनी कन्हानला कार्यक्रम आहे, तिथं लागणार आहेत. चल, लवकर."

बायका हसल्या. त्यांना खरंच गंमत वाटली. कमळाबाई माझ्या कानाशी म्हणाली, "काहून वं, मजाक करून राहिल्या काय मॅडम?"

मी माझा टी-शर्ट डोक्यावरून काढला. आत ब्लाउज होता, पदर होता. उघडं काही पडलं नाही. पण फोटोवाला बघत होता, आणि मॅडम मोजल्यासारखं बघत होत्या. माझ्या मागून एकेकीने काढला. हसू कुठं गेलं ते कळलंही नाही.

रेखा तेवढी हलली नाही. ती वस्तीतली सगळ्यात तरुण, एकटीच कुडत्यात आलेली. फोटोवाल्यानेच तिला सांगितलं होतं, आतला कुडता दिसतोय, काढून ये. तिने तो काढून लहान बहिणीच्या हाती घरी पाठवून दिला होता. टी-शर्ट आपलाच झाला, मग ओझं कशाला. आता ती जाळ्या ठेवायच्या खोलीत गेली आणि आतून हात बाहेर काढून टी-शर्ट दिला. मी धावत जाऊन माझा गाऊन आणेपर्यंत ती तिथं, गुंडाळलेल्या जाळीमागे, दोन्ही हात छातीशी धरून उभी होती.

तेवढ्यात मॅडमना कॉलरवरचा डाग दिसला. मग दुसऱ्या कॉलरवरचा. मग सगळ्याच.

"हे काय आहे? पिवळं?"

कमळाबाईच बोलली. "हळद होय ना मॅडम. नवं कापड अंगाले लावाच्या आंधी हळदीकुकू लावा लागते. आमी म्हटलं, आहेर देल्ला."

फोटोवाला म्हणाला, "नशीब समजा, नारळ नाही फोडला."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "या अडाणी आहेत, ठीक आहे. तू तरी आठवीपर्यंत गेलीयेस ना? एवढं सांगता येऊ नये? आता हे सगळे डाग निघाले पाहिजेत."

मी म्हणाले, "हो मॅडम."

माझ्याही कॉलरवर हळद होती. सकाळी मीच कुंकवाचा करंडा घेऊन गेले होते.

मी इकडची नाही. परांड्याच्या पलीकडचं गाव माझं. तिथून नागपूर म्हणजे एक अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस. आठवीपर्यंत शाळेत खो-खो खेळले. आमच्या भागात खो-खो म्हणजे पोरींच्या पायातलं रक्त. मग आईला दम्याने धरलं, घरात बाईमाणूस दुसरं नव्हतं, आणि शाळा सुटली. लग्न झालं. नवरा सिमेंट रोडच्या कामावर इकडे आला आणि मला आणि लेकीला घेऊन आला. पुढे त्याचं काम सरकत सरकत छत्तीसगडात गेलं. मी राहिले नागपूरच्या कडेला, बेसात, मैदानाच्या फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत.

मैदानाचा कारभार मॅडमकडे. ती खोली मॅडमनी दिली. काम मॅडमनी दिलं. मैदान झाडायचं, पाणी मारायचं, फक्कीने रेघा आखायच्या, किल्ली सांभाळायची. लेकीला शाळेत घालताना कागद कमी पडले तर मॅडम स्वतः मुख्याध्यापकांशी बोलल्या. ती तापाने फणफणली तेव्हा त्यांनीच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. हे लिहायलाच पाहिजे. मॅडम वाईट नव्हत्या. म्हणून तर माझं तोंड उघडत नव्हतं. फोन वाजला आणि त्यांचं नाव दिसलं की मी बसलेली उभी राहायचे. काही चुकलं का. खोली जाईल का. परमुलखात उपकाराचं ओझं जास्त लागतं. खाली ठेवायला आपली जागा नसते.

योजना मोठी होती. महापालिका, एक ट्रस्ट, एक कंपनी, क्रीडा खातं, सगळ्यांनी मिळून केलेली. बेसा, कोळशाच्या खाणींचं कन्हान आणि संत्र्याच्या बागांचं खापा अशी तीन ठिकाणं. ज्यांनी कधी मैदान बघितलं नाही त्यांना मैदानावर आणायचं. मॅडमनी मला समजावून सांगितलं तेव्हा मला रडू आलं होतं. आमच्या मैदानावर रोज संध्याकाळी पाच ते सहा वस्तीतल्या बायकांसाठी. तसा बोर्डच लागला.

मी घरोघर गेले. बायका फ्लॅटमधली धुणीभांडी उरकून आलेल्या. कमळाबाई म्हणाली, "माह्या गुडघ्याले विचार आंधी. मंग मले विचार."

मी म्हटलं, "बसायचंच आहे निम्मा वेळ."

"बसाचं हाय? मंग येतो ना वं. बसाले कोण बोलावते आमाले?"

आल्या. चपला फाटकाशी काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण आत पाऊल टाकण्याआधी कमळाबाई वाकली आणि माती कपाळाला लावली. मग सगळ्यांनी लावली. मी खो-खोची पाटी आखली, खांब रोवले, चौकात एकीचं तोंड इकडे, एकीचं तिकडे असं बसवलं. नियम सांगितला. पाठीवर हात पडून 'खो' ऐकू आल्याशिवाय उठायचं नाही.

पहिल्या दिवशी कुणाला पळताच येईना. साडी पायात यायची. पळणारीपेक्षा बसलेल्या जास्त हसायच्या. चौथ्या-पाचव्या दिवशी रेखाने खांबाला वळसा मारून झेप घेतली आणि तोंडावर आपटली. ओठ फुटला. ती उठली ती हसतच. म्हणाली, "घरी मार खाल्ला तर रडू येते. इथं काहून हसू येऊन रायलं?"

दुसऱ्या दिवशी सगळ्या वेळेआधी आल्या.

तो एक तास. त्यात कुणाची सून नाही, कुणाची कामवाली नाही. मीही त्या तासात फोन खोलीतच ठेवायचे.

कार्यक्रमासाठी फोटो काढायचे म्हणून टी-शर्ट आले. कडक, कागदी घडीचे, प्लास्टिकच्या पिशवीत. पुढचं मी सांगितलंच आहे.

त्या संध्याकाळी टब भरून ते मी धुवायला घेतले. हळदीला साबण लागला की ती लाल होते. एकदम. पांढऱ्या कॉलरवर लाल डाग उमटत गेले, आणि टबातलं पाणी बघून माझी लेक म्हणाली, "आई, कुणाला लागलं?"

मी म्हटलं, "हळद आहे गं. उन्हात उडून जाते."

दोन दिवस कडक उन्हात वाळवले. इस्त्री केली. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे घड्या घालून परत त्याच प्लास्टिकच्या पिशव्यांत घातले. नवेकोरे दिसायला लागले.

पुढच्या आठवड्यात फाटकावर बॅनर लागला. आमचाच फोटो. 'मैदान सर्वांचं.' आणि त्याच आठवड्यात आमचा तास गेला. फ्लॅटमधल्या मुलांचं कोचिंग सुरू झालं. मॅडम म्हणाल्या, "तात्पुरतं आहे. बायकांना समजावून सांग." त्यांना परत पाठवण्याचं काम माझं.

पाच वाजता बायका आल्या. मी कुलपाच्या आतल्या बाजूला. कमळाबाईने मान वर करून बॅनर बघितला. त्यात ती मधोमध, तोंडभर हसत होती.

"थे पाह्य," ती म्हणाली. "मी अंदर हाओ. अन् भाएरबी मीच हाओ."

मग रेखाला म्हणाली, "चाल वं. फोटोले तरी खेळू दे."

आणि त्या गेल्या.

कन्हानच्या कार्यक्रमाहून टी-शर्ट धुवायला माझ्याकडेच आले. ड्रायव्हरने गाठोडं खोलीत टाकलं. मी सोडलं. बाह्यांवर कोळशाची काळी भुकटी, काखेत घाम. उलटे करता करता माझा हात थांबला.

कॉलरच्या आतल्या बाजूला हळदीचं बोट.

मला वाटलं, आमचंच राहिलं असेल, नीट धुतलं गेलं नसेल. मी दुसरा बघितला. तिथंही होतं. तिसऱ्याला हळदीवर कुंकवाचा ठिपका. ताजा होता. आमचं नव्हतं. आमचं मी माझ्या हाताने उन्हात उडवलं होतं.

ज्या बायकांना मी कधी बघितलं नाही, त्यांनी माझ्या इस्त्रीचं कापड पिशवीतून काढलं, नवं समजलं, आपलं समजलं, आणि करंडा काढला. आणि संध्याकाळी त्यांनाही कुणीतरी म्हटलं असेल, आधी तू काढ.

मी धुतले. हो, तेव्हाही धुतले. पाणी लाल झालं. घड्या घातल्या. पिशव्यांत भरले.

मग टी-शर्ट खाप्याच्या कार्यक्रमाहून आले. कापडाला संत्र्याच्या सालीचा वास होता. मी गाठोडं सोडलं नाही, नुसता एक टी-शर्ट ओढून बाहेर काढला आणि कॉलर उलटी केली.

होती.

मी तो टी-शर्ट मांडीवर घेऊन बसले. लेक शाळेतून आली, तिने स्वतःच ताट वाढून घेतलं. माझ्या डोक्यात एवढंच, की हे कापड नवं कोण करतं? मी. त्या बायका फसतात त्या माझ्या इस्त्रीला फसतात. शाळेच्या मैदानावर पाठीवर हात पडला की अंगातून कशी कळ जायची आणि पाय आपोआप उठायचे, तसं झालं मला. मांडीवरच्या त्या पिवळ्या बोटाचा हात माझ्या पाठीवर पडला होता.

मॅडम दोन दिवसांनी आल्या. गाठोडं तसंच दाराशी होतं.

"अजून धुतले नाहीत? रविवारी मोठा कार्यक्रम आहे. तिन्ही ठिकाणच्या कामाचं कौतुक होणार आहे, वरचे लोक येणार आहेत. तुझ्या बायका गोळा कर."

मी दाराची चौकट धरली.

"टी-शर्ट मी धुणार नाही मॅडम. आणि बायकांना बोलवायला जाणार नाही. आधी त्यांचा तास परत द्या."

"अटी घालतेस?"

"तास तुम्हीच दिला होता."

रागापेक्षा त्यांना वाईट वाटलं असावं. "मी तुझ्यासाठी काय काय केलं, विसरलीस?"

"नाही विसरले. जन्मभर नाही विसरणार."

"मग?"

"माझ्यावरचे उपकार मी फेडीन. त्यांच्या अंगावरचं काढून नाही फेडणार."

मॅडम गाठोडं उचलून गाडीकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, "महिनाअखेर खोली रिकामी कर."

आमच्यावाचून काही अडलं नाही. रविवारी एका एजन्सीच्या साफसफाईवाल्या मुली आणल्या. त्याच टी-शर्टात फोटो झाला. कौतुक झालं. मी फाटकाच्या बाहेरून टाळ्या ऐकल्या.

आता मी वस्तीत राहते, कमळाबाईच्या शेजारी. एका मेसमध्ये पोळ्या लाटते. लेक अजून त्याच शाळेत आहे, तिथे कुणी हात लावलेला नाही. फोन वाजला की मी अजून उभी राहते. ते काही जात नाही.

संध्याकाळी पाचला मी मैदानाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर राखेने पाटी आखते. कधी चौघी येतात, कधी पाच. काहींच्या फ्लॅटवाल्या बायांनी विचारलं, ती भांडखोर मैदानवाली तुमच्यातलीच का. आमच्या त्या बायकांनी येणं सोडलं. मी त्यांना बोल लावत नाही. चौघींत खो-खो होत नाही, त्याला एका बाजूलाच नऊ लागतात. तरी आम्ही एकीचं तोंड इकडे, एकीचं तिकडे अशा बसतो, आणि मधले चौक रिकामे ठेवतो.

कमळाबाई म्हणते, "कोणासाठी ठेवून रायली वं हे जागा?"

मेसला रविवारी संध्याकाळी सुट्टी असते. या रविवारी मी कन्हानला जाणार आहे. तिथल्या एकाही बाईचं नाव मला माहीत नाही. तोंड माहीत नाही. कोळशाच्या भुकटीच्या मागाने वस्तीत शिरेन आणि विचारेन, पांढऱ्या टी-शर्टाला हळद कुणी लावली होती. तिथून पुढच्या रविवारी खाप्याला.

त्यांना दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. मैदानाचा तास हातात पडल्याशिवाय फोटोला उभ्या राहू नका. आणि अंगावर चढलेलं कापड कुणी काढ म्हटलं, तर पहिली जी उभी असेल तिने काढायचं नाही.

पहिली मी होते. म्हणून सांगायला मीच जाणार.